तीन रंगांच्या खुंट्या

चौऱ्याऐंशी साली मंडळाचा साहेब आला होता, एकटाच.
जीपमधून उतरलाही नाही.
मांडीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली त्यानं.
रेघ झिबलच्या खळ्यातून गेली,
तर खळं हललं, रेघ नाही.
तक्रारीला एकच दार होतं, वर्ध्याला,
अन् त्या दारात टेबल टाकून
एक माणूस कायम डबा खात असायचा.
मनोरा मात्र असा रोवला
की अजून त्याच्या नटाला पाना लागलेला नाही.

यंदा कार्तिकात कंपन्या आल्या तीन.
पहिलीच्या खुंट्या निळ्या, दुसरीच्या लाल,
तिसरीनं रंगाचे पैसे वाचवले, चुना फासला.
बोली म्हणे बंद,
जो वर्षाला कमी मागेल त्याची लाइन.

तिघांनाही जमीन वाचणारा माणूस पाहिजे होता,
अन् सोनखासच्या शिवारात तो मीच, डोमाजी वाघाडे.
आम्ही बापजाद्यांपासून विहिरी खोदणारे.
काळी माती कुठं सात हात खाली जाते,
कुठं पहारीच्या दुसऱ्या घावाला मुरूम वाजतो,
हे तलाठ्याच्या कागदावर नाही, माझ्या तळपायात आहे.
काळीत मनोऱ्याचा पाय रुंद लागतो, सिमेंट पिते ती.
मुरमात निम्म्यात भागतं.
म्हणजे बोलीतला आकडा
माझ्या गालफडात होता, तंबाखूच्या शेजारी.

निळ्यावाल्यानं विचारलं, अजून कोणी येऊन गेलं का?
नाही म्हटलं.
लालवाल्यानं विचारलं तेव्हा
निळ्या खुंटीवर पाय ठेवून उभा होतो. नाही म्हटलं.
चुनावाली पोरगी होती, सांगलीकडची, उन्हानं नाक सोललेलं.
तिनं विचारलंच नाही.
संत्र सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

रात्री कौतिका चुलीपुढं म्हणाली,
"ते तिघं हायेत. तू एकटा हायेस.
मंग चारशे रुपयात कायले झिजून राह्यला?"

सहाशे म्हटलं, दिले.
नऊशे म्हटलं, फोन लावून दिले.
बाराशेला मी जीपमधून उतरेनासा झालो.
काचेतूनच बोट दाखवायचो : इथं काळी, तिथं मुरूम.
नाल्यापलीकडं जायचा कंटाळा आला,
तर पलीकडंही मुरूमच म्हटलं.
लालवाल्यानं लिहून घेतलं.
चुनावालीनं पहार मागितली,
गुडघाभर पाण्यातून नाला ओलांडला, स्वतः खणलं,
अन् परत येऊन काळ्या मातीचं ढेकूळ
जीपच्या बोनेटवर ठेवलं. बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी खांबाड्याचा निकेश आला,
बोअर मारायचं छोटं मशीन घेऊन,
साडेतीनशे रुपये रोजानं.
मला कोणी बोलावलं नाही.

होळीच्या आसपास पाकिटं फुटली.
लालवाले जिंकले, सगळ्यात स्वस्त.
पेढे वाटले त्यांनी, मलाही दोन मिळाले,
ते खिशात राहिले, मुंग्या लागेपर्यंत.

आता नाल्यापलीकडं पाच खड्डे आ वासून आहेत.
मिक्सर येते, उभी राहते, परत जाते.
वरचे साहेब म्हणतात, हिशेबात एवढं सिमेंट नव्हतं,
खालचे म्हणतात, कागदावर मुरूम होता,
अन् खड्ड्यातला झिरपा
दोघांचंही ऐकत नाही.
पहिल्या खड्ड्यात बेडूक झाले आहेत.
नाल्याअलीकडं जुना मनोरा गुणगुणत उभा आहे,
त्याच्या खांद्यावर कोतवालाचं घरटं.

कौतिकानं निळ्या खुंट्या उपटून आणल्या.
दोनला शेळ्या बांधल्या,
बाकीच्यांवर वाल चढवला.
चुन्याच्या तर खुणाही राहिल्या नाहीत.

काल निकेश आला, दारातच उभा राहिला, मशीन खांद्यावर.
"काका, पलीकडं खरं किती खोल हाय?"
मी चप्पल घातली.
कौतिका म्हणाली, "किती मांगणार?"
मी तोवर नाल्यात उतरलो होतो.